इंग्रजीतील ‘रन’ : एका शब्दाचे अनेक अर्थ कसे ओळखावेत आणि कसे वापरावेत

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्याला ‘रन’ हा शब्द अगदी पहिल्या काही धड्यांत भेटतो आणि त्याचा अर्थ ‘धावणे’ असा पाठ होतो. हा अर्थ चुकीचा नाही. अडचण पुढे येते, जेव्हा वाचताना किंवा ऐकताना कंपनी ‘रन’ होते, नाक ‘रन’ होते, बातमी ‘रन’ होते, आणि यांपैकी कोणीही धावत नसते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. पुढे कोशाची फेरमांडणी सुरू झाल्यावर तो मान ‘रन’कडे आला आणि एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ संपादकांनी वेगवेगळे नोंदवले. हा आकडा पाहून दडपून जाण्याचे कारण नाही, कारण जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांनीही हे अर्थ पाठ केलेले नसतात. ते नकळत तीन गोष्टी पाहतात: वाक्याचा कर्ता कोण आहे, क्रियापदाला कर्म आहे का, आणि क्रियापदानंतर ‘आउट’, ‘इंटू’, ‘ओव्हर’ यांसारखा छोटा शब्द आला आहे का. हेच तीन प्रश्न जाणीवपूर्वक आणि याच क्रमाने विचारायची सवय लावली, तर यापूर्वी कधीही न भेटलेला ‘रन’सुद्धा बहुतेक वेळा उलगडतो. पुढील पायऱ्या त्या सवयीसाठी आहेत.

पायरी पहिली : रूपे पक्की करा

‘रन’ची तीन रूपे ‘रन’, ‘रॅन’, ‘रन’ अशी आहेत. म्हणजे तिसरे रूप पहिल्यासारखेच आहे. त्यामुळे ‘आय हॅव रॅन’ हे वाक्य चूक आणि ‘आय हॅव रन’ हे बरोबर. मराठी भाषकांच्या बोलण्यात ही चूक वारंवार होते, कारण भूतकाळ म्हटला की ‘रॅन’ आपोआप तोंडात येते. ‘रनिंग’ आणि ‘रनर’ लिहिताना इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एन’ हे अक्षर दोनदा येते, मूळ शब्दात मात्र ते एकदाच असते. रूपांविषयी एवढे पुरेसे आहे.

पायरी दुसरी : ‘धावणे’ बाजूला ठेवून ‘चालणे’ लावून पाहा

‘रन’च्या बहुतेक अर्थांच्या मागे एकच कल्पना आहे: एखादी गोष्ट न थांबता पुढे जात राहणे. पायांनी वेगाने पुढे जाणे म्हणजे धावणे. पाणी पुढे जाणे म्हणजे वाहणे. यंत्राचे काम न अडता होत राहणे म्हणजे चालणे. रस्ता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंत सलग असणे म्हणजे तो तिकडे ‘जाणे’. इंग्रजीत या सगळ्यांना ‘रन’ चालते. मराठीत या जागेचा मोठा भाग ‘चालणे’ या क्रियापदाने व्यापलेला आहे. आपण घड्याळ चालते म्हणतो, दुकान चालते म्हणतो, खटला चालतो, वर्ग चालतात, पंखा चालतो, आणि यांपैकी कोणालाही पाय नसतात, तरी आपल्याला ते खटकत नाही. मराठीने जे काम चालण्यावर सोपवले, त्यातले बरेचसे इंग्रजीने धावण्यावर सोपवले आहे, एवढे लक्षात आले की ‘रन’ परका वाटेनासा होतो.

म्हणून नवे वाक्य समोर आले की आधी ‘धावणे’ लावून पाहावे. ते बसले नाही तर ‘चालणे’ किंवा ‘चालवणे’, मग ‘वाहणे’, आणि शेवटी ‘जाणे’ किंवा ‘पसरणे’. या चारपाच क्रियापदांत नेहमीच्या वापरातला मोठा भाग सामावतो.

हा पूल दोन ठिकाणी मात्र तुटतो. मराठीतून इंग्रजीत जाताना ‘मशीन चालते आहे’ याचे ‘द मशीन इज वॉकिंग’ असे भाषांतर करून चालत नाही. ‘वॉक’ फक्त पायांनी चालण्यासाठी राखीव आहे, यंत्रासाठी ‘रन’ किंवा ‘वर्क’ हवे. दुसरे म्हणजे संमतीदर्शक ‘चालेल’. ‘उद्या आलात तरी चालेल’ यातल्या ‘चालेल’साठी इंग्रजीत ‘रन’ कधीही येत नाही. तिथे ‘दॅट इज फाइन’ किंवा ‘दॅट विल डू’ म्हणावे लागते.

पायरी तिसरी : कर्ता कोण आहे ते पाहा

कर्म नसलेल्या वाक्यात अर्थ ठरवण्याचे जवळजवळ सगळे काम कर्ता करतो. कर्ता माणूस किंवा प्राणी असेल, तर अर्थ बहुधा धावण्याचाच असतो. त्यात अडचण नाही.

कर्ता द्रव असेल, किंवा ज्यातून द्रव येतो ती वस्तू असेल, तर अर्थ वाहण्याचा. ‘द टॅप इज रनिंग’ म्हणजे नळ सुरू आहे आणि पाणी वाहते आहे. ‘हिज नोज इज रनिंग’ म्हणजे त्याचे नाक वाहते आहे. घराच्या संदर्भात ‘रनिंग वॉटर’ म्हटले की नदीचे वाहते पाणी अभिप्रेत नसते, नळाने येणारे पाणी अभिप्रेत असते. ‘द हाउस हॅज नो रनिंग वॉटर’ याचा अर्थ त्या घरात नळाच्या पाण्याची सोय नाही. याच गटात रंग आणि शाई येतात. कपडे धुताना ‘द कलर्स रॅन’ म्हणजे रंग सुटला आणि इतर कपड्यांना लागला. कागदावर पाणी पडून ‘द इंक हॅज रन’ म्हणजे शाई फुटली. आपण रंग ‘गेला’ किंवा ‘सुटला’ म्हणतो. इंग्रजीत तो वाहतो, कारण तो खरोखरच पाण्याबरोबर वाहून दुसरीकडे जातो.

कर्ता यंत्र किंवा संगणकावरची प्रणाली असेल, तर अर्थ चालण्याचा. ‘द इंजिन इज रनिंग’ म्हणजे इंजिन सुरू आहे. गाडी जागेवर उभी असली तरी हे वाक्य खरे ठरते. यंत्र कशावर चालते ते सांगायला ‘ऑन’ लागते: ‘इट रन्स ऑन डिझेल’, ‘इट रन्स ऑन बॅटरीज’. ‘विथ डिझेल’ किंवा ‘बाय बॅटरीज’ असे म्हटल्यास ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण वाक्य खटकते.

बस आणि रेल्वे या कर्त्यांकडे थोडे अधिक लक्ष द्यावे लागते. ‘द बस रन्स एव्हरी ट्वेंटी मिनिट्स’ या वाक्यात वेगाविषयी काहीच सांगितलेले नाही. दर वीस मिनिटांनी बस असते, एवढाच अर्थ आहे. ‘द ट्रेन इज रनिंग लेट’ म्हणजे गाडी उशिरा धावते आहे, आणि इथे मराठी व इंग्रजी जुळतात. यातूनच माणसाविषयीचा एक फार उपयोगी वाक्प्रयोग तयार झाला आहे: ‘आय ॲम रनिंग लेट’. हे वाक्य बोलणारा धावत नसतो. तो गाडीत बसलेला असेल, किंवा अजून घरीच असेल. आपल्याला पोहोचायला किंवा काम उरकायला उशीर होणार आहे, हे तो आधीच कळवत असतो. ‘आय ॲम लेट’ म्हणजे उशीर झालेला आहे; ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणजे उशीर होतो आहे. भेटीच्या वेळेआधी निरोप पाठवायचा असेल तर दुसरे वाक्य अचूक आणि अधिक सभ्यही वाटते.

आता कर्ता रस्ता, भिंत, तार, डोंगररांग, अंगावरचा व्रण असा काही असेल, म्हणजे जागचा न हलणारा असेल, तर ‘रन’ त्याची दिशा आणि विस्तार सांगतो. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’ म्हणजे रस्ता नदीच्या कडेकडेने जातो. इथे व्याकरणाची एक अट आहे आणि ती पाळलीच पाहिजे: या अर्थाने साधा वर्तमानकाळ वापरावा, ‘इज रनिंग’ वापरू नये. रस्ता आत्ता, या क्षणी काही करत नसतो. तो तसा कायमच असतो. नदीच्या बाबतीतही तिचा मार्ग सांगताना हाच काळ येतो. नाईल नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत भूमध्य समुद्राला मिळते, हे ‘द नाईल रन्स नॉर्थ टू द मेडिटरेनियन’ असे सांगितले जाते.

जागेऐवजी काळाचा विस्तार सांगायचा असला, तरी हाच नियम लागू पडतो. ‘द कोर्स रन्स फ्रॉम जून टू ऑगस्ट’ म्हणजे अभ्यासक्रम जूनपासून ऑगस्टपर्यंत चालतो, आणि ‘द काँट्रॅक्ट रन्स फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे करार पाच वर्षे लागू राहतो. दवाखान्यात हमखास कानावर पडणारा ‘इट रन्स इन द फॅमिली’ हा प्रयोगही याच धाग्याचा आहे: एखादा आजार, स्वभाव किंवा गुण घराण्यात पिढ्यान्पिढ्या उतरत आलेला असणे. ‘डझ डायबिटीस रन इन युअर फॅमिली?’ असे डॉक्टरांनी विचारले, तर घरात आणखी कोणाला मधुमेह आहे किंवा होता का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते.

शेवटी काही ठरलेल्या जोड्या आहेत, ज्यांत ‘रन’नंतर विशेषण येते आणि ‘रन’चा अर्थ ‘होणे’ इतकाच उरतो. ‘द वेल रॅन ड्राय’ म्हणजे विहीर आटली. ‘सप्लाइज आर रनिंग लो’ म्हणजे साठा कमी होत चालला आहे. ‘फीलिंग्ज आर रनिंग हाय’ म्हणजे भावना तापलेल्या आहेत. या जोड्या जशाच्या तशा लक्षात ठेवाव्यात. स्वतःहून नव्या तयार करू नयेत.

पायरी चौथी : कर्म आहे का, आणि ते काय आहे?

‘रन’ला कर्म मिळाले की कर्ता मागे पडतो आणि अर्थाची सूत्रे कर्माकडे जातात. कर्म अंतर किंवा शर्यत असेल तर धावणेच कायम राहते. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर यांनी एक मैल अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत कापले; इंग्रजीत ‘ही रॅन अ माइल इन अंडर फोर मिनिट्स’ असे म्हणतात, आणि ‘माइल’च्या आधी ‘फॉर’ घालण्याची गरज नसते.

कर्म संस्था, दुकान, विभाग किंवा उपक्रम असेल तर अर्थ चालवण्याचा. ‘शी रन्स अ स्कूल’ म्हणजे ती शाळा चालवते. या वाक्यातून मालकी सिद्ध होत नाही, कारभार तिच्याकडे आहे एवढेच कळते. मालकी सांगायची असेल तर ‘ओन’ हे वेगळे क्रियापद वापरावे. पत्रव्यवहारात हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो.

मराठीतले ‘चालवणे’ आतापर्यंत सोबत आले, पण वाहनापाशी ते फसवते. गाडी चालवणे म्हणजे ‘ड्राइव्ह’. ‘रन अ कार’ असाही प्रयोग आहे, पण त्याचा अर्थ गाडी बाळगणे, तिचा इंधनाचा, विम्याचा आणि दुरुस्तीचा खर्च सोसणे असा होतो. ‘आय कॅनॉट अफोर्ड टू रन अ कार’ म्हणणाऱ्याला गाडी चालवता येत नाही असे नाही. गाडी ठेवणे त्याला परवडत नाही. नोकरीच्या मुलाखतीत ‘आय कॅन रन अ कार’ असे सांगितले, तर वाहन चालवण्याच्या कौशल्याविषयी समोरच्याला काहीच कळणार नाही. याउलट ‘आय विल रन यू टू द स्टेशन’ या वाक्यात कर्म माणूस आहे आणि अर्थ ‘मी तुम्हाला गाडीने स्टेशनवर सोडतो’ असा आहे.

कर्म तपासणी, चाचणी, शोध किंवा प्रोग्राम असेल तर अर्थ ‘करणे’ किंवा ‘चालवून पाहणे’: ‘रन अ टेस्ट’, ‘रन अ चेक’, ‘रन अ सर्च’. कर्म बातमी, लेख किंवा जाहिरात असेल आणि कर्ता वृत्तपत्र असेल, तर अर्थ छापणे: ‘द पेपर रॅन द स्टोरी ऑन द फ्रंट पेज’. कर्म ‘टेंपरेचर’ असेल तर अंगात ताप असणे. ‘द चाइल्ड इज रनिंग अ टेंपरेचर’ या वाक्यात ताप किती आहे ते सांगितलेले नसते, तो आहे एवढेच सांगितलेले असते. ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणे. ‘रन अ बाथ’ म्हणजे अंघोळीसाठी टब पाण्याने भरणे, आणि इथे पुन्हा वाहण्याचा अर्थ डोकावतो. ‘रन ॲन एरंड’ म्हणजे काहीतरी आणणे, पोहोचवणे, बिल भरणे अशी बाहेरची किरकोळ कामे करणे. त्यातही धावणे अभिप्रेत नसते. बोटे, हात किंवा नजर कर्म झाली तर ती फिरवणे: ‘शी रॅन हर फिंगर डाउन द लिस्ट’ म्हणजे तिने यादीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवले.

पायरी पाचवी : मागून येणारा छोटा शब्द

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि शिकणाऱ्याने सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. ‘रन’ला ‘आउट’, ‘इंटू’, ‘ओव्हर’ असा शब्द जोडला गेला, की तो जोड एकच क्रियापद म्हणून वाचायचा असतो. दोन्ही शब्दांचे अर्थ वेगवेगळे काढून त्यांची बेरीज केली, तर उत्तर बहुतेक वेळा चुकते.

‘रन आउट’पासून सुरुवात करू, कारण तो क्रिकेटमुळे सर्वांच्या ओळखीचा आहे. १७ जून १९९९ रोजी एजबॅस्टन येथे झालेल्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात धावसंख्या समान असताना दक्षिण आफ्रिकेचा ॲलन डोनाल्ड धावबाद झाला, सामना बरोबरीत सुटला आणि ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेला. याचे वर्णन ‘डोनाल्ड वॉज रन आउट’ असे होते. हे कर्मणी वाक्य आहे. इथे ‘रन’ हे तिसरे रूप आहे, म्हणून ‘वॉज रॅन आउट’ चालणार नाही. रोजच्या व्यवहारातला ‘रन आउट’ मात्र वेगळा आहे आणि त्याचा अर्थ संपणे असा होतो. ‘द पेपर हॅज रन आउट’ म्हणजे कागद संपले; इथे संपणारी वस्तू हा कर्ता आहे. ‘वी हॅव रन आउट ऑफ पेपर’ म्हणजे आमच्याकडचे कागद संपले. इथे माणसे कर्ता झाली आणि वस्तूच्या आधी ‘ऑफ’ आले. या दोन रचनांची सरमिसळ हीच नवख्यांची नेहमीची चूक असते. ‘वी रॅन आउट पेपर’ हे वाक्य अपुरे आहे, कारण ‘ऑफ’ गळले आहे. आणि ‘द पेपर रॅन आउट ऑफ’ हेही अपुरे आहे, कारण ‘ऑफ’नंतर काहीतरी यायला हवे. वेळ, पैसा, संयम, जागा, औषधे या सगळ्यांसाठी हाच साचा वापरता येतो. परवाना, व्हिसा किंवा विमा ‘रन आउट’ झाला, तर त्याची मुदत संपलेली असते.

‘रन इंटू’चे चार उपयोग लक्षात ठेवण्यासारखे आहेत, आणि ते ओळखण्यासाठी ‘इंटू’नंतर काय आले आहे ते पाहावे. पुढे ओळखीचा माणूस असेल तर अचानक भेट होणे: ‘आय रॅन इंटू ॲन ओल्ड फ्रेंड’. पुढे भिंत, झाड किंवा दुसरे वाहन असेल तर आदळणे. पुढे अडचण असेल तर ती उद्भवणे: ‘द प्रोजेक्ट रॅन इंटू प्रॉब्लेम्स’. पुढे मोठी संख्या असेल तर रक्कम तिथपर्यंत पोहोचणे: ‘द कॉस्ट रन्स इंटू मिलियन्स’. ‘रन अक्रॉस’चाही अर्थ सहज भेटणे किंवा सापडणे असाच आहे. ‘रन आफ्टर’ मात्र पाठलाग करणे, म्हणजे त्यात हेतू आहे, योगायोग नाही.

‘रन ओव्हर’ जपून वापरावा. ‘ही वॉज रन ओव्हर’ म्हणजे तो वाहनाखाली आला. ‘द मीटिंग रॅन ओव्हर’ म्हणजे सभा ठरलेल्या वेळेपेक्षा लांबली. ‘लेट अस रन ओव्हर द मेन पॉइंट्स’ म्हणजे मुख्य मुद्द्यांवरून एकदा नजर फिरवू या. शेवटच्या अर्थासाठी ‘रन थ्रू’ अधिक सोयीचा आहे, कारण त्यात अपघाताचा अर्थ मध्ये येत नाही. कार्यालयात याच्या जोडीला ‘रन इट बाय’ सतत ऐकू येते: ‘लेट मी रन इट बाय माय मॅनेजर’ म्हणजे हे एकदा वरिष्ठांच्या कानावर घालतो, त्यांचे मत घेतो. ही विनंती परवानगीपेक्षा थोडी सौम्य असते.

‘रन डाउन’ बॅटरीबाबत आला तर ती उतरणे. माणूस दुसऱ्याला ‘रन डाउन’ करत असेल तर त्याची निंदा करणे. आणि विशेषण म्हणून ‘आय फील रन-डाउन’ असा आला तर थकून गळून जाणे. ‘रन अप’ बिलाबरोबर येतो: ‘ही रॅन अप अ ह्यूज बिल’ म्हणजे त्याने मोठे बिल करून ठेवले. ‘रन अवे’ म्हणजे पळून जाणे. निवडणुकीबरोबर येणारा ‘रन फॉर’ म्हणजे उमेदवारी करणे: ‘शी रॅन फॉर मेयर’. हा प्रयोग मुळात अमेरिकी वळणाचा आहे. ब्रिटनमध्ये संसदेच्या निवडणुकीसाठी ‘स्टँड फॉर पार्लमेंट’ असे म्हणण्याची रीत आहे. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभ्या राहणाऱ्याला ‘रनिंग मेट’ म्हणतात.

सर्वनाम कुठे घालायचे, हा प्रश्न उरतो. ‘रन इंटू’ आणि ‘रन आफ्टर’ या जोड्या फुटत नाहीत, म्हणून ‘आय रॅन इंटू हिम’ बरोबर आणि ‘आय रॅन हिम इंटू’ चूक. वाहनाखाली येण्याच्या अर्थाचा ‘रन ओव्हर’ आणि निंदेच्या अर्थाचा ‘रन डाउन’ मात्र फुटतात. सर्वनाम त्यांच्या मध्येच बसते: ‘द कार रॅन हिम ओव्हर’. ‘रन इट बाय समवन’मध्ये गोष्ट आधी येते आणि माणूस नंतर. यासाठी एकच नियम सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक जोडी सर्वनामासकट एका छोट्या वाक्यात लिहून ठेवावी.

पायरी सहावी : ‘रन’ नाम म्हणून

आधी ‘अ’, ‘द’ किंवा विशेषण दिसले की ‘रन’ नाम आहे असे समजावे. ‘गो फॉर अ रन’ म्हणजे व्यायामासाठी धावायला जाणे. क्रिकेटची धाव आणि बेसबॉलमधली ‘रन’ यांचे शब्द एक असले तरी खेळ वेगळे आहेत. बेसबॉलमधली ‘होम रन’ ही एकाच फटक्यावर फलंदाजाला सगळी ठाणी पार करून परत येऊ देणारी कामगिरी असते, आणि अमेरिकेतील मेजर लीगमध्ये कारकिर्दीत सर्वाधिक, म्हणजे ७६२ होम रन बॅरी बाँड्स याच्या नावावर आहेत.

सलगपणाचा अर्थ नामातही टिकून आहे. ‘अ रन ऑफ बॅड लक’ म्हणजे एकामागून एक आलेले दुर्दैवाचे प्रसंग. ‘अ विनिंग रन’ म्हणजे सलग विजयांची मालिका. ‘ट्रायल रन’ म्हणजे प्रत्यक्ष वापरापूर्वीची चाचणी, आणि ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रतींची संख्या. ‘इन द लाँग रन’ म्हणजे दूरवरचा विचार करता, शेवटी. ‘ऑन द रन’ म्हणजे फरार.

आर्थिक बातम्यांतला ‘अ रन ऑन द बँक’ हा प्रयोग सावकाश समजून घेण्यासारखा आहे. बँक बुडेल या भीतीने ठेवीदार एकाच वेळी आपले पैसे काढायला धाव घेतात. ठेवींचा मोठा भाग बँकेने कर्जरूपाने दिलेला असतो, त्यामुळे सर्वांना एकदम देण्याइतकी रोकड कोणत्याच बँकेजवळ नसते, आणि भीती स्वतःच संकट ओढवून आणते. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या. त्या घटनेचा उल्लेख इंग्रजीत ‘द रन ऑन नॉर्दर्न रॉक’ असा होतो. अशा मथळ्यात ‘रन’नंतर ‘ऑन’ आहे हे पाहायला विसरू नये, कारण ‘द रन ऑफ द बँक’ असे म्हटले तर काहीच अर्थबोध होत नाही.

‘रनिंग’ हा शब्द कालावधीच्या मागे आला, तर तो क्रियाविशेषणाचे काम करतो: ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे सलग तीन दिवस. ‘रनर-अप’ म्हणजे उपविजेता. ‘रन-ऑफ-द-मिल’ म्हणजे साधासुधा, वेगळेपण नसलेला. कोणाच्या कामाला हे विशेषण लावल्यास ते कौतुक नसते.

पायरी सातवी : एक परिच्छेद सोडवून पाहा

आता तिन्ही प्रश्न एकत्र लावू. समजा, असा मजकूर समोर आला: ‘मीरा रन्स अ स्मॉल प्रेस. लास्ट नाइट द मशीन्स वर रनिंग टिल मिडनाइट, बट द इंक रॅन आउट. शी वॉज ऑलरेडी रनिंग लेट, सो शी रॅन टू द स्टोअर अँड रॅन इंटू हर फॉर्मर बॉस.’

पहिल्या वाक्यात ‘प्रेस’ हे कर्म आहे आणि ती संस्था आहे. म्हणून मीरा छापखाना चालवते. दुसऱ्यात कर्ता यंत्रे आहेत, कर्म नाही. म्हणून यंत्रे चालू होती. त्याच वाक्यात पुढे ‘आउट’ आला आहे आणि कर्ता शाई आहे. म्हणून शाई संपली. ‘आउट’ नसता, तर शाई फुटली किंवा पसरली असा अगदी वेगळा अर्थ झाला असता, म्हणूनच छोट्या शब्दाचा प्रश्न विचारल्याशिवाय निर्णयाला येऊ नये. तिसऱ्या वाक्यात ‘रनिंग लेट’ ही ठरलेली जोडी आहे: तिला आधीच उशीर होत होता. त्यानंतर कर्ता माणूस, कर्म नाही आणि पुढे ठिकाण. म्हणून ती दुकानाकडे धावली, आणि संपूर्ण परिच्छेदात खरेखुरे धावणे एवढ्या एकाच जागी आहे. शेवटी ‘इंटू’नंतर ओळखीचा माणूस आहे, म्हणून तिची पूर्वीच्या वरिष्ठांशी अचानक गाठ पडली.

स्वतःच्या वाचनात ‘रन’ आढळेल तेव्हा असेच करावे. वहीत ‘रन म्हणजे चालवणे’ अशी नोंद करू नये, कारण तिचा पुढे उपयोग होत नाही. ‘रन अ स्कूल : शाळा चालवणे’ अशी सोबतच्या शब्दासह नोंद करावी. मोठा शब्दकोश उघडल्यावर क्रमाने सगळे अर्थ वाचत बसू नये. प्रत्येक अर्थाशेजारी तो अकर्मक आहे की सकर्मक याची खूण असते. त्या खुणेने अर्धी यादी लगेच गळते. छोट्या शब्दांच्या जोड्या बहुतेक कोशांत नोंदीच्या शेवटी वेगळ्या गटात, वर्णानुक्रमे दिलेल्या असतात, त्यामुळे ‘आउट’ किंवा ‘इंटू’ दिसल्यास थेट तिकडेच जावे.

पायरी आठवी : कुठे वापरू नये

समजणे आणि वापरणे यांत फरक आहे. बोलताना, निरोपात आणि सहकाऱ्यांशी पत्रव्यवहारात ‘रन’ निर्धास्तपणे वापरावा. अर्ज, अहवाल किंवा शोधनिबंध लिहिताना मात्र त्याच्या जागी अधिक नेमके क्रियापद असेल तर ते निवडावे: विभागासाठी ‘मॅनेज’, यंत्रासाठी ‘ऑपरेट’, चाचणीसाठी ‘कंडक्ट’, परवान्याची मुदत संपण्यासाठी ‘एक्स्पायर’. अर्जात ‘आय रॅन अ टीम ऑफ सिक्स’ हे वाक्य चूक नाही, पण ‘आय मॅनेज्ड अ टीम ऑफ सिक्स’ या वाक्यातून जबाबदारीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. संगणकाच्या क्षेत्रात याच्या उलट आहे. तिथे ‘रन द प्रोग्राम’ हाच औपचारिक लेखनातलाही प्रस्थापित प्रयोग आहे, आणि त्याऐवजी दुसरे भारदस्त क्रियापद शोधण्याची गरज नाही.

‘द रन्स’ हे अनेकवचनी रूप जुलाबांसाठी बोलभाषेत वापरले जाते. घरगुती बोलण्यात ते खपते, पण वैद्यकीय अर्जात किंवा रजेच्या पत्रात तिथे ‘डायरिया’ लिहावे, आणि क्रिकेटच्या धावांविषयी बोलताना ‘द रन्स’ आले तर संदर्भ खेळाचा आहे हे वाक्यातून स्पष्ट होईल, याची काळजी घ्यावी.